शेंड्याची पानं

१

माझं पोट माझ्या नाकावर चालतं असं सांगितलं की लोकांना वाटतं, बाई अत्तराच्या दुकानात असणार. मी असते वाळवलेल्या झाडांच्या संग्रहालयात. पुठ्ठ्यांवर चिकटवलेल्या फांद्यांनी भरलेली लोखंडी कपाटं, कपाटांत डांबरगोळ्या, आणि कपाटांच्या मधल्या बोळात एक टेबल, ते माझं. कुणीतरी फांदी आणून ठेवतं, "हे काय आहे?" विचारतं, आणि मी सांगते. एवढंच काम. पाचोळा ओळखून पोट भरणारी आमच्या खानदानातली तू पहिलीच, असं दादा म्हणतो. त्यानं माझं नावच पाचोळाबाई पाडलंय.

तो दादा एका सकाळी स्वतः माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. बस डेपोत मेकॅनिक म्हणून त्याचा जन्म गेला, पण माझ्या ऑफिसात त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. आईवडील मी शाळेत असतानाच गेले. दादानं स्वतःची शाळा सोडली, डेपोत लागला आणि मला शिकवलं. मी लग्न केलं नाही. दादा आणि वहिनी हेच माझं घर. गेल्या वर्षी वहिनी गेली आणि त्या घरातला आवाजच बंद झाला.

"काय पाचोळाबाई," तो म्हणाला, पण चेष्टेत नेहमीचा जोर नव्हता. ओल्या रुमालात गुंडाळलेली फांदी त्यानं टेबलावर ठेवली. "मागं मोरीपाशी आलंय हे. मी लावलेलं नाही. नाव काय याचं?"

कूळ तर बघताक्षणीच कळलं. पानं समोरासमोर, जोडीनं. काठाच्या जरा आत, काठाला धरून धावणारी एक शीर, कपड्याच्या दुमडीवर टीप मारावी तशी. पान खिडकीच्या उजेडात धरलं तर त्यात बारीक बारीक चमकते ठिपके, म्हणजे तेलाचे थेंब. जांभूळ, पेरू, लवंग, निलगिरी या सगळ्यांचं हे एकच घराणं. बाहेरून आणून बागेत लावतात ती या घराण्यातली झाडं मला तोंडपाठ आहेत. हे त्यांतलं नव्हतं. इथल्याच मातीतलं, रानातलं झुडूप होतं. कुठलं, ते मात्र सांगता येईना.

"थांब, वास घेऊन बघते," मी म्हणाले. डांबरगोळ्यांमुळे आत बसून कशाचाही वास घेता येत नाही. त्यासाठी मी मागच्या जिन्याच्या कठड्याशी जाते. दादा पाठोपाठ आला.

पान चुरगळलं, डोळे मिटले, नाकाशी नेलं. आधी लवंग आली, अगदी पुसट. मग ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरवताना येतो तो वास. त्यामागून अंगाला लावायची पावडर, आणि खोकल्याची गोळी. वहिनी घरात शिवणाचा क्लास चालवायची. इस्त्री कायम तापलेली आणि गालात कायम गोळी. मी डोळे उघडले तर दादा माझ्याच तोंडाकडे बघत होता.

"आला ना?" त्यानं विचारलं.

"लवंगेसारखा आहे," मी म्हणाले.

दादानं मान हलवली आणि रुमालाची घडी करून खिशात घातली.

२

खुळेपणाला माझा सक्त विरोध आहे, स्वतःच्या तर जास्तच. दादा जिना उतरून जाईपर्यंत मी उत्तर शोधलंसुद्धा. खोकल्याच्या गोळीत निलगिरीचं तेल असतं. निलगिरी याच कुळातली. नाकाला गोळी आठवली, गोळीवरून वहिनी, वहिनीवरून इस्त्री आणि पावडर. दूध का दूध, पानी का पानी. मनाला पटलं, पण हात धुऊनही बोटांचा वास जाईना, तेव्हा मी शेजारच्या टेबलाकडे गेले.

तिथं बुरशीवाला बसतो. तो बुरशी आणि भूछत्रं ओळखतो म्हणून हे नाव. गलेलठ्ठ, आनंदी माणूस. पन्नाशीला आला तरी आईनं भरून दिलेला डबा खातो आणि वडिलांच्या शिव्या खातो, असं स्वतःच सांगतो.

"जरा हुंग," मी पान पुढं केलं.

त्यानं जिन्यात जाऊन छातीभर हुंगलं. "पेरूचा पाला. जरासा कापूर. का, काय झालं?"

"आणखी काही?"

"आणखी काय असायला हवं? तुझा चेहरा का असा पडलाय?"

मला हायसं वाटलं. फांदी वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरली, रिवाजाप्रमाणे एक पान उलटं ठेवलं, म्हणजे मागची बाजूही दिसेल, आणि लाकडी फळ्यांमध्ये घालून पट्टे आवळले. मग कपाटं उघडली. या घराण्याचे पुठ्ठे एकेक काढून आमच्या फांदीशी ताडून बघितले. कुणाचं पान जुळायचं तर देठ जुळायचा नाही, देठ जुळला तर कोवळ्या फुटीवरची लव जुळायची नाही. फूल हातात आल्याशिवाय असल्या झुडपाचं नाव सांगणं म्हणजे पाठमोऱ्या माणसाला नावानं हाक मारणं. मी दादाला फोन करून तसं सांगितलं.

"फूल येईल तेव्हा येईल," तो म्हणाला. "पण तू लवकर बघ. पानं संपत चाललीत."

पानं का संपावीत, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. संध्याकाळी निघताना मी दाबलेल्या फांदीचा ओला कागद बदलायला पट्टे सोडले. त्या बंद खोलीत, डांबरगोळ्यांच्या उग्र दर्पातसुद्धा, कुणीतरी नुकतीच इस्त्री करून उठल्याचा वास आला. मी कागद न बदलताच पट्टे पुन्हा आवळले आणि घरी गेले.

३

सुट्टीच्या दिवशी दादाकडे गेले. दार लोटलेलंच होतं. पुढची खोली स्वच्छ होती, नको तितकी. वहिनीच्या शिलाई मशीनवर चादर, क्लासच्या मुलींसाठी ठेवलेली स्टुलं एकावर एक रचून भिंतीला लावलेली. स्वयंपाकघरात एकच कप विसळून पालथा घातलेला. दादा मागच्या अंगणात होता.

मोरीचं पाणी जिथं मातीत मुरतं तिथं ते उभं होतं. माझ्या डोक्याच्याही वर गेलेलं. या घराण्यातली रानटी झुडपं हळू वाढतात, एका वर्षात गुडघ्याला लागली तरी खूप. वहिनी होती तेव्हा तिथं साधं गवतही नव्हतं, हे मला पक्कं आठवत होतं. खालच्या सगळ्या फांद्या बोडक्या होत्या. झुडपाजवळ खुर्ची मांडलेली आणि खुर्चीखाली चुरगळलेल्या पानांचा काळपट थर.

"रोज तोडतोस?" मी विचारलं.

"सकाळी चहाबरोबर एक. फार वाटलं तर दुपारी आणखी एक." तो लहान मुलासारखा ओशाळला. "तू लवंग म्हणालीस तेव्हाच कळलं मला, खोटं बोलतेयस. लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही."

"दादा, वासाचं असंच असतं. एक धागा सापडला की मन बाकीचं विणून काढतं. ती आठवण आहे, दुसरं काही नाही."

"आठवणीचं मला सांगू नकोस. आठवणीला मी विटलोय. आठवणीत ती तेच तेच बोलते, त्याच साडीत असते." त्यानं खालच्या फांदीवरचं उरलेलं एक पान बोटानं कुरवाळलं, तोडलं नाही. "यात रोज वेगळं असतं गं. परवा तिनं नुकतं डोकं धुतलेलं होतं. काल तिच्या हाताला कांद्याचा वास होता. आठवण कधी कांदा चिरते का?"

 ऊन होतं, शेजारच्या घरात रेडिओ लागला होता, आणि तरी मला त्या अंगणात आम्ही दोघंच नाही असं वाटत राहिलं. मी चिडले. भीती वाटली की मी चिडते, ही माझी जुनी खोड आहे. जेवतोस की नाही, डेपोतल्या मित्रांकडे का जात नाहीस, हे काय भिकेचे डोहाळे, असं बरंच काही बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मला वेड लागलं असेल तर लागू दे," तो शेवटी म्हणाला. "फक्त नाव सांग. नाव कळलं तर दुसरं कुठून तरी आणता येईल. हे बोडकं झालं की मी काय करू? एकदा तिला पोचवून आलो. पुन्हा नाही जमणार मला."

दादाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आईवडील गेले तेव्हाही नाही. तो रडला नाही, पण त्याची हनुवटी थरथरली, आणि ते मला बघवेना. मी नाव शोधून देते म्हणाले.

नव्या फुटीवरून काही कळेल म्हणून मी खुर्चीवर चढून शेंड्याची एक डहाळी तोडली आणि दादानं दिलेल्या ओल्या फडक्यात गुंडाळली. या घराण्यात कोवळी पानं तांबूस असतात, तशीच ही होती, लुसलुशीत आणि चकचकीत.

"वरची मी घेत नाही," दादा म्हणाला. "हात पोचत नाही आणि कोवळी तोडवतही नाहीत."

४

दुसऱ्या दिवशी ती डहाळी घेऊन जिन्यात गेले. मनाची तयारी करून गेले होते. वहिनी येणार, येऊ दे, आपण त्यातून लवंग वेगळी काढायची, कापूर वेगळा काढायचा, जे उरेल त्याची नोंद डोक्यात ठेवायची. पान चुरगळलं.

डिझेल. हात धुवायचा तो भरड साबण. तंबाखू. आणि त्याखाली उन्हात तापलेल्या खाकी शर्टाचा वास.

मला आधी हसूच आलं. दादाच्या अंगणातली डहाळी, दादाचं फडकं, दादाच्या हातचा वास लागणारच की! मी डहाळी नळाखाली धुतली, स्पिरिटच्या बोळ्यानं पानं पुसली, ती वाळेपर्यंत थांबले आणि दुसरं पान चुरगळलं. आता वास आणखी स्वच्छ आला. सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून मी शाळेत जायची, तेव्हा मागून येणारा दादाचा वास. हँडलवरचे त्याचे हात, माझ्या डोक्यावर टेकलेली त्याची हनुवटी.

हसू तिथंच विरलं. दादानं तंबाखू सोडून कितीतरी वर्षं झाली, वहिनीनं लग्नात तशी अटच घातली होती. डेपोतून निवृत्त झाल्यापासून त्यानं डिझेलला हात लावलेला नाही. आताच्या दादाला फक्त चहाचा आणि धुतलेल्या सदऱ्याचा वास येतो. हा हातांचा लागलेला वास नव्हता. हे पानातच होतं.

वहिनी गेली आहे, म्हणून पानात वहिनी. मग पानात दादा का? हा प्रश्न मनात आला मात्र, मी तिथंच पायरीवर बसून फोन लावला. घंटा वाजत राहिली. वाजत राहिली.

"बोल पाचोळाबाई," दादाचा आवाज आला. "नळ दुरुस्त करतोय. तुझ्या फोनपायी भिजलो सगळा."

"बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? का गं, आवाज का असा?"

"काही नाही. सहज केला."

फोन ठेवल्यावर मी ती डहाळी दाबायला ठेवली नाही. पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, गल्लीच्या टोकाच्या कचराकुंडीत टाकली. वाटेत बुरशीवाला भेटला आणि "भूत बघितल्यासारखी का चाललीस?" म्हणाला. त्याच्यावर मी उगीचच खेकसले.

५

दादाला डॉक्टरकडे न्यायला मला भांडावं लागलं. छाती तपासली, रक्त तपासलं, फिरत्या पट्ट्यावर चालवून दम बघितला. डॉक्टर म्हणाले, यांची गाडी अजून पुष्कळ चालेल. दादानं लगेच इंजिनाच्या गोष्टी काढल्या, तर डॉक्टरांनाच हसू आवरेना. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "झालं समाधान? आता खरं सांग. काय बघितलंस तू?"

"वय झालंय तुझं, म्हणून आणलं."

"तुला खोटं बोलता येत नाही," तो म्हणाला, आणि माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेऊन चालू लागला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तर्क तरी किती करायचे? माझं नाक बिघडलं असेल. दोघंही एकाच दुःखात आहोत, एकाला लागलेलं वेड दुसऱ्याला लागलं असेल. हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट उरत होती. झुडूप राहिलं काय आणि गेलं काय, मला काही फरक पडत नव्हता. दादा राहायला हवा होता. वहिनीला त्याच्यापासून दुसऱ्यांदा तोडावं लागलं तरी चालेल, तो जन्मभर माझ्याशी बोलला नाही तरी चालेल. मी ठरवून टाकलं.

६

दादा सकाळी बाजारात जातो ती वेळ साधून मी गेले. ऑफिसातली फांद्या छाटायची मोठी कात्री पिशवीत होती. मागचं दार उघडलं आणि जागच्या जागी थबकले.

झुडूप फुललं होतं. शेंड्याकडच्या फांद्यांवर पांढऱ्या केसरांचे झुपके, दाढीच्या ब्रशसारखे. एवढे दिवस ज्यासाठी अडून बसले होते ते समोर होतं. इथं माझ्यासारख्या बाईनं काय करावं? मी खोडाला कात्री लावायची सोडून खिशातून भिंग काढलं. एक फूल खुडलं, नखानं उभं चिरलं, आतले कप्पे बघायला वाकले. श्वास मात्र रोखून धरला होता. आणखी क्षणभर बघितलं असतं तर नाव कळलं असतं.

"तोडायला आलीस?"

दादा दारात उभा होता. हातातली भाजीची पिशवी त्यानं खाली ठेवली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"दादा, ऐक—"

"माझ्या पाठीमागं? तू?"

मग मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. डिझेल, तंबाखू, खाकी शर्ट, सायकलची दांडी. का डॉक्टरकडे नेलं तेही. "वरच्या पानांत तू आहेस," मी म्हणाले. "जिवंत माणूस आहेस तू, आणि यात आहेस. मला भीती वाटतेय रे. तू गेलास तर माझं कुणी नाही."

 दादाच्या चेहऱ्यावरचा राग निवळला, आणि मला अपेक्षाच नव्हती, तो समाधानानं हसला. "एवढंच ना," तो म्हणाला. "वेडी कुठली. मी आणि ती एकाच झुडपात. अगं, मला दुसरं काय हवंय?"

तो खुर्चीवर चढला. मी डहाळी तोडली होती तिच्याही वर, फुलांच्याही वर, शेंड्याला आणखी नवी तांबूस पानं फुटली होती. त्यातलं एक त्यानं तोडलं, खाली उतरला, तळहातावर चोळलं आणि दोन्ही हात नाकाशी नेले. कितीतरी वेळ तो तसाच होता. आधी हसू मावळलं. मग त्याचे डोळे उघडले आणि त्यानं माझ्याकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, कुठं काही लागलंय का ते बघावं तसं.

"काय आलं?" मी विचारलं.

त्यानं तळहात पँटीला खसाखसा पुसले. माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि खाली बसून थेट बुंध्याला लावली.

बुंधा मनगटाएवढा होता, कात्रीला दाद देईना. तेव्हा तो आतून कुऱ्हाड घेऊन आला. ज्या खालच्या फांदीवरचं शेवटचं पान त्यानं कुरवाळलं होतं तीच आधी तुटली. "दादा, ती वहिनीची—" मी म्हणाले, आणि तो म्हणाला, "माहीत आहे मला." एकेका घावाला तो वहिनीची माफी मागत होता, हळू आवाजात, नाव घेऊन. तिचं नाव मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आता रडतही होता, पण हात थांबत नव्हते. झुडूप आडवं झाल्यावर त्यानं मुळं उकरली. नखांत माती, कोपरं खरचटलेली. सगळा पाला ओढून त्यानं ढीग केला. मी चिरलेलं फूलही माझ्या बोटांतून काढून त्याच ढिगात टाकलं. नाव राहून गेलं, हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही.

अंगणभर पाला चेंगरला होता. दादानं सदऱ्याचं टोक नाकावर दाबून धरलं होतं, इतका त्याला वास असह्य झाला होता.

"कशाचा वास येतोय एवढा?" मी विचारलं.

"घरात जा तू."

मी खाली वाकले. शेंड्याची तांबूस पानं मूठभर उचलली, त्याला अडवता येण्याआधी चुरगळली आणि हुंगली. लवंग नाही, इस्त्री नाही, डिझेल नाही. पुन्हा हुंगली, अगदी नाकात कोंबल्यासारखी. काहीच नाही. माझ्या नाकाला पानातून काहीच येत नाही, असं आजवर झालेलं नव्हतं. फक्त एकच वास असा असतो, जो सगळ्यांना येतो आणि ज्याचा त्याला येत नाही.

दादानं माझ्या मुठीतून पानं सोडवून घेतली, एकेक बोट उघडून. मग माझा हात घट्ट धरला, रस्ता ओलांडताना धरायचा तसा, दुखेपर्यंत.

"चल आत," तो म्हणाला. "उन्हात उभी राहू नकोस. आणि आजपासून इथंच राहायचं, माझ्या डोळ्यांसमोर."